वहीत शब्दार्थ नको, वाक्य हवं: इंग्रजीतल्या जुळ्या शब्दांविषयी

‘आय डाउट ही टूक द मनी’ आणि ‘आय सस्पेक्ट ही टूक द मनी’. दोन वाक्यांत एकच शब्द बदललाय, आणि इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडला तर दोन्ही शब्दांपुढे ‘शंका, संशय’ असंच सापडतं. पण पहिल्या वाक्याचा अर्थ ‘त्याने पैसे घेतले असतील असं मला वाटत नाही’, आणि दुसऱ्याचा ‘त्यानेच घेतले असावेत’. एका वाक्यात माणूस सुटतो, दुसऱ्यात अडकतो.

हा फरक मराठीला ठाऊक नाही असं मुळीच नाही. ‘त्याने पैसे घेतले याबद्दल मला शंका आहे’ आणि ‘त्याने पैसे घेतले अशी मला शंका आहे’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा. ‘याबद्दल’ आलं की डाउट, ‘अशी’ आलं की सस्पेक्ट. फरक ‘शंका’ या शब्दात नाही, त्याच्या शेजारच्या शब्दात आहे. वहीत आपण एका इंग्रजी शब्दापुढे एक मराठी शब्द लिहितो, तिथेच शेजारचा शब्द गळून पडतो आणि गोंधळ सुरू होतो. म्हणून अशा जोड्या शिकताना शब्दार्थ लिहू नये, अख्खं मराठी वाक्य लिहावं. बऱ्याच जोड्या तेवढ्यानेच सुटतात. ज्या सुटत नाहीत त्यांच्यासाठी वेगळी कसोटी लागते. तीही पुढे देतो.

डाउट सोडण्याआधी दोन गोष्टी. माणूस कर्म असला तरी फरक राहतोच: ‘आय सस्पेक्ट हिम’ म्हणजे माझा त्याच्यावर संशय आहे, ‘आय डाउट हिम’ म्हणजे त्याच्या बोलण्यावर माझा भरवसा नाही. आणि वर्गात किंवा बैठकीत काही विचारायचं असेल तर ‘आय हॅव अ डाउट’ आपल्याकडे सर्रास चालतं. पण ही सवय नसलेल्या ऐकणाऱ्याला तुम्ही त्याचं म्हणणं खोटं ठरवताय असं वाटू शकतं. तिथे ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणावं.

आता ‘बघणे’. सी, लुक, वॉच या तिन्हींचा अर्थ ‘पाहणे’ असा पाठ केला की पुढे सगळं अंदाजावर चालतं. खरं तर ‘सी’ म्हणजे मुळात ‘दिसणे’. मराठीत दिसणाऱ्या वस्तूला कर्तेपण मिळतं आणि माणसाला ‘ला’ लागतो: ‘मला डोंगर दिसला’. इंग्रजीत माणूसच कर्ता होतो: ‘आय सॉ द हिल’. या उलटापालटीमुळे ‘सी’ आपल्याला ‘मी पाहिलं’सारखा वाटू लागतो. डोळे उघडे होते आणि नजरेला पडलं तर सी. मुद्दाम नजर वळवली तर लुक. नजर वळवून तिथेच ठेवली, कारण समोर काहीतरी घडतंय, तर वॉच. म्हणून फोटोकडे लुक, सामना वॉच. ‘वॉच द फोटो’ म्हटलं तर फोटो आता हलणार आहे की काय असं वाटेल.

कानाचंही तसंच: ‘ऐकू येणे’ म्हणजे हिअर, ‘ऐकणे’ म्हणजे लिसन. फोनवर ‘मला ऐकू येतंय’ सांगायचं असेल तर ‘आय कॅन हिअर यू’. ‘आय अ‍ॅम हिअरिंग यू’ चुकतं, कारण ऐकू येणं ही आपण करायची क्रिया नाही. सी आणि हिअर यांची चालू क्षणाची रूपं इंग्रजी बहुधा ‘कॅन’ लावून भागवते. ‘आय अ‍ॅम सीइंग’ला तर वेगळाच अर्थ आहे. डॉक्टरांचं नाव पुढे आलं तर त्यांच्याकडे उपचार चालू आहेत, आणि एखाद्या व्यक्तीचं नाव आलं तर तिच्याशी प्रेमाचे संबंध आहेत. जाणूनबुजून केलेल्या दोन क्रियांना शेपूट लागतं, लुकला ‘अ‍ॅट’ आणि लिसनला ‘टू’. सी, हिअर आणि वॉच यांना काहीच लागत नाही.

नाकाच्या बाबतीत मात्र मराठी जास्त बारीक आहे. वास घेणे, वास येणे आणि एखाद्या वस्तूला वास असणे, या तिन्हींसाठी इंग्रजीत एकच ‘स्मेल’. कोणती भाषा कुठे रेघ ओढेल याचा नेम नसतो. इंग्रजी जास्त नेमकी आणि मराठी ढोबळ, हा समज काढून टाकला तर शिकणं बरंच सोपं होतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो राइझ-रेझ आणि लाय-ले या जोड्यांत, आणि गंमत म्हणजे इथेच मराठी माणसाला सगळ्यात जास्त मदत मिळू शकते. मराठीत बसणे-बसवणे, शिकणे-शिकवणे, वाढणे-वाढवणे अशा जोड्या आपण न शिकता वापरतो. पहिली क्रिया आपोआप होते, दुसरी कोणीतरी करवतो. व्याकरणात हिला प्रयोजक क्रियापद म्हणतात. जुन्या इंग्रजीतही अशी क्रियापदं बनवायची रीत होती आणि त्यात मधला स्वर बदलायचा, जसा आपल्याकडे पडणे-पाडणे, मरणे-मारणे यांत बदलतो. ती रीत केव्हाच बंद पडली, पण थोड्या जोड्या मागे राहिल्या. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. फॉल म्हणजे पडणे, फेल (fell, नापास होण्यातला ‘फेल’ नव्हे) म्हणजे पाडणे: ‘फेल अ ट्री’ म्हणजे झाड पाडणं. ड्रेंच म्हणजे चिंब भिजवणे, त्याचा मूळ अर्थ ‘पाजणे’, ड्रिंकचं प्रयोजक.

याच घराण्यातले राइझ आणि रेझ. किमती वाढल्या: ‘प्राइसेस रोझ’. त्यांनी किमती वाढवल्या: ‘दे रेझ्ड द प्राइसेस’. मराठी वाक्यात ‘व’ आला की रेझ. रूपं राइझ-रोझ-रिझन आणि रेझ-रेझ्ड-रेझ्ड. उठवणाऱ्या शब्दाची रूपं नियमित आहेत, आपोआप उठणाऱ्याची अनियमित, हेही लक्षात ठेवायला उपयोगी पडतं.

लाय आणि ले यांत तत्त्व हेच: लाय म्हणजे आडवं पडणे, पडून असणे, ले म्हणजे आडवं ठेवणे. पण इथे एक खोड आहे. लायचा भूतकाळ ‘ले’ होतो. म्हणजे एकाचा भूतकाळ आणि दुसऱ्याचं मूळ रूप हुबेहूब सारखं. लाय-ले-लेन ही एक रांग, ले-लेड-लेड ही दुसरी. ‘काल दुपारभर तो पलंगावर पडून होता’ म्हणजे ‘ही ले ऑन द बेड ऑल आफ्टरनून’. ‘तिने पुस्तक टेबलावर ठेवलं’ म्हणजे ‘शी लेड द बुक ऑन द टेबल’. ‘पुस्तक टेबलावर पडलंय’ म्हणजे ‘द बुक इज लाइंग ऑन द टेबल’, इथे ‘लेइंग’ चालत नाही. जन्मापासून इंग्रजी बोलणारेही बोलताना हे सर्रास चुकतात, त्यामुळे कानावर भरवसा ठेवून चालणार नाही. कसोटी एकच: ‘काय ठेवलं?’ असं विचारा. उत्तर वाक्यात असेल तर ले-लेड, नसेल तर लाय-ले. खोटं बोलणे हा लाय मुळातच वेगळा शब्द आहे, त्याची रूपं सरळ लाय-लाइड-लाइड. अंडी घालणे मात्र ‘ले’, कारण तिथे कर्म आहे. आणि सेटला अपवाद आहे: सूर्य मावळतो किंवा सिमेंट आळतं तेव्हा कर्म नसूनही ‘सेट’च वापरतात.

से आणि टेल म्हणजे म्हणणे आणि सांगणे. ‘तो म्हणाला’ यात कोणाला ते यायलाच हवं असं नाही. ‘सांगितलं’ म्हटलं की कोणाला हा प्रश्न मागोमाग येतो. इंग्रजीत टेलपुढे ऐकणारा जवळजवळ सक्तीचा आहे: ‘ही टोल्ड मी’. टेल द ट्रुथ, टेल अ लाय, टेल अ स्टोरी आणि घड्याळाचं टेल द टाइम अशा ठरावीक जागी तो नसला तरी चालतं. मराठी माणसाची चूक बहुतेक वेळा या फरकात होत नाही, ‘ला’ या प्रत्ययात होते. ‘मला सांगितलं’मधल्या ‘ला’चं आपण ‘टू’ करतो आणि ‘टोल्ड टू मी’ म्हणून जातो. टेल, आस्क, कॉल, मॅरी, रीच यांच्यापुढे माणूस किंवा जागा थेट येते, ‘टू’शिवाय. उलट से, एक्स्प्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब आणि मेन्शन यांना माणसाआधी ‘टू’ लागतोच. ‘एक्स्प्लेन मी’ चुकीचं, ‘एक्स्प्लेन इट टू मी’ बरोबर. डिस्कसला ‘अबाउट’ लागत नाही. ते आपल्या ‘विषयी’तून येतं.

रिमेंबर म्हणजे आठवणे, रिमाइंड म्हणजे आठवण करून देणे. ‘उद्या मला आठवण कर’ असं तोंडात बसलेलं असलं की ‘रिमेंबर मी टुमॉरो’ निघतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं आता निरोपाची वेळ आली. तिथे ‘रिमाइंड मी’ हवं. रिमेंबरच्या आतही दोन शब्द लपलेत. ‘रिमेंबर टू लॉक द डोअर’ म्हणजे कुलूप लावायचं लक्षात ठेव. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावल्याचं मला आठवतं. लावायचं आणि लावल्याचं, मराठीने काम आधीच करून ठेवलंय. फरगेटलाही हेच लागू.

माझी सगळ्यात आवडती जोडी हाउस आणि होम. घर वास्तू असलं तर हाउस, मायेचं असलं तर होम, एवढं सगळे सांगतात. पण ‘गो टू द हाउस’ आणि ‘गो होम’ यांतला ‘टू’ कुठे जातो, याचं उत्तर ‘घरी’ या शब्दात आहे. ‘मी घरी जातो’ आणि ‘मी घरात जातो’. ‘घरी’ हे एक मोकळं, स्वतःच्या पायावर उभं असलेलं रूप आहे, त्याला ‘कडे’ किंवा ‘आत’ काही लागत नाही. ‘होम’ तसाच वापरला जातो, म्हणून ‘गो टू होम’ ऐकायला ‘घरीला जा’ इतकं विचित्र लागतं. ‘घरात’ म्हणायचं असेल तेव्हा ‘इन्टू द हाउस’.

आणि फ्यू विरुद्ध अ फ्यू. एवढ्याशा ‘अ’ने काय फरक पडतो ते समजावताना लोक पानं खर्च करतात. मराठीत तेच काम ‘च’ करतो. ‘ही हॅज अ फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे त्याला थोडे मित्र आहेत, ‘ही हॅज फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे त्याला मित्र थोडेच आहेत. पहिल्यात असण्याकडे लक्ष आहे, दुसऱ्यात नसण्याकडे. लिटल आणि अ लिटल यांचंही हेच, फक्त ते वेळ, पाणी, उत्साह अशा न मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी.

इथपर्यंत मराठी सोबत होती. आता जिथे ती हात सोडते तिथे येऊ. ‘पर्यंत’ हा त्यातला सगळ्यात धोक्याचा शब्द.

‘पाच वाजेपर्यंत काम कर’ आणि ‘पाच वाजेपर्यंत काम संपव’. दोन्हीकडे ‘पर्यंत’च, पण इंग्रजीत पहिल्याला ‘अंटिल फाइव्ह’, दुसऱ्याला ‘बाय फाइव्ह’. कसोटी क्रियापदात आहे. क्रिया त्या वेळेपर्यंत सलग चालू राहणार असेल तर अंटिल. ती एका क्षणात होणार असेल आणि तो क्षण पाचच्या आधी कुठेही असला तरी चालणार असेल, तर बाय. थांबणे, झोपणे, चालू ठेवणे यांना अंटिल. पाठवणे, पोहोचणे, संपवणे, भरणे यांना बाय. ‘प्लीज सबमिट इट टिल मंडे’ असा निरोप गेला तर वाचणारा सोमवारपर्यंत रोज सादर करत राहायचं की काय, या विचारात पडतो.

नकारात तर अर्थच फिरतो. ‘ही वोन्ट बी हिअर अंटिल फाइव्ह’ म्हणजे तो पाचला येईल, त्याआधी नाही. ‘ही वोन्ट बी हिअर बाय फाइव्ह’ म्हणजे पाच वाजले तरी तो आलेला नसेल. मराठीत दोन्हीकडे ‘पाच वाजेपर्यंत तो इथे नसेल’ असंच म्हणून जातो.

‘तोपर्यंत’मध्ये आणखी एक सापळा आहे. ‘तू येत नाहीस तोपर्यंत मी थांबतो’ हे शुद्ध मराठी आहे, पण त्यातला ‘नाही’ इंग्रजीत न्यायचा नाही. ‘आय विल वेट अंटिल यू डोन्ट कम’ हे वाक्य चुकतं. हवं ते ‘अंटिल यू कम’. नकार अंटिलच्या पोटातच आहे. टिल आणि अंटिल यांच्या अर्थात काही फरक नाही. टिल हे अंटिलचं लघुरूपही नाही, उलट टिलच जुना. लिहिताना टिलला दोन ‘एल’, अंटिलला एक.

‘पासून’चंही असंच. ‘सोमवारपासून’ म्हणजे सिन्स, ‘तीन दिवसांपासून’ म्हणजे फॉर. सिन्सपुढे आरंभाची खूण येते: वार, तारीख, साल, एखादी घटना. फॉरपुढे लांबी येते: तास, दिवस, वर्षं. ‘सिन्स टू अवर्स’ ही चूक इतकी पसरलीय की ती कानाला खटकेनाशी झाली आहे. सोबत काळही बदलतो. ‘मी पाच वर्षांपासून इथे राहतो’ मराठीत वर्तमानकाळात बसतं. इंग्रजीत ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ असं ‘हॅव’ घेऊनच.

आणि ‘दोन तासांत येतो’. हे ‘इन टू अवर्स’ केलं की ऐकणारा घड्याळात दोन तास मोजून त्या सुमारास दाराकडे पाहतो. त्याआधी केव्हाही येणार असाल तर ‘विदिन टू अवर्स’.

सावली, हात, पाय यांवर जास्त वेळ घालवायची गरज नाही. ऊन अडलेली जागा शेड, उन्हात पडणारी आकृती शॅडो. झाडाखाली बसतो ती शेड, भिंतीवर हलते ती शॅडो. मनगटाच्या पुढे हँड, वर आर्म. घोट्याखाली फूट, वर लेग.

‘नाकारणे’वर मात्र थांबायला हवं. आरोप नाकारला: डिनाय. काम करायला नकार दिला: रिफ्यूज. अर्ज पसंत न पडून परत लावला: रिजेक्ट. आमंत्रण सौजन्याने नाकारलं: डिक्लाइन. कसोटी ही की नाकारली जाणारी गोष्ट कोणती. विधान नाकारलं जात असेल तर डिनाय. मराठीत त्याला इन्कार हा स्वतंत्र शब्दही आहे, तो वहीत लिहून टाकावा. पुढची कृती नाकारली जात असेल तर रिफ्यूज. म्हणून ‘ही डिनाइड टू कम’ बसत नाही. येणं हे विधान नाही. ‘ही रिफ्यूज्ड टू कम’ म्हणायचं. डिनायपुढे क्रियापद आलं तर ते ‘टेकिंग’सारखं येतं: ‘ही डिनाइड टेकिंग द मनी’. डिनायचा दुसरा अर्थ वंचित ठेवणे, ‘दे डिनाइड हिम एंट्री’. रिफ्यूट हा यातला सगळ्यात वजनदार शब्द, त्याचा मूळ अर्थ पुराव्याने खोडून काढणे. नुसतं ‘मी नाही केलं’ म्हणणं म्हणजे डिनायच.

काही जोड्यांत घटना एकच असते, फक्त कोणाच्या बाजूने पाहतो ते बदलतं. उसनं देणारा लेंड करतो, घेणारा बॉरो करतो. मराठीत ‘उसनं’ तसंच राहतं आणि देणे-घेणे बदलतं, म्हणून ‘बॉरो मी युअर पेन’ची चूक होते. बोलणारा न बोलता सुचवतो ते इम्प्लाय, ऐकणारा ताडतो ते इन्फर. लुटणे आणि चोरणे यांचं रॉब आणि स्टीलशी नातं इतकं सरळ आहे की शिकवावंच लागत नाही: माणूस किंवा बँक लुटतात, पैसे चोरतात. ‘दे रॉब्ड माय वॉलेट’ म्हणण्याआधी ‘पाकीट लुटलं’ म्हणून पाहावं, चूक लगेच दिसते.

अशुअर, एन्शुअर, इन्शुअर यांतही नजर कर्माकडे. अशुअरपुढे माणूस, त्याला आश्वासन द्यायचंय. एन्शुअरपुढे घटना, ती होईलच याची व्यवस्था करायचीय. इन्शुअरपुढे विमा उतरवायची वस्तू.

‘इक’ आणि ‘इकल’ असे शेवट असलेल्या जोड्यांना एकच नियम लावता येत नाही, त्या एकेक करूनच पाठ कराव्या लागतात. इकॉनॉमिक म्हणजे अर्थव्यवस्थेचं, इकॉनॉमिकल म्हणजे काटकसरीचं. हिस्टॉरिक म्हणजे इतिहासात नोंद व्हावी इतकं महत्त्वाचं, हिस्टॉरिकल म्हणजे इतिहासाशी संबंधित. आपला ‘ऐतिहासिक’ दोन्हीकडे चालतो, म्हणून इथे ‘इतिहासविषयक’ हा शब्द मनात ठेवून बघावं. तो बसला तर हिस्टॉरिकल.

काही रेघा आता पुसट होत चालल्यात. कन्व्हिन्स म्हणजे पटवून देणे आणि परस्वेड म्हणजे करायला राजी करणे, हा भेद आज पुष्कळ चांगले लेखकही पाळत नाहीत. डिसइंटरेस्टेड म्हणजे निःपक्ष, स्वार्थ नसलेला. तो ‘रस नसलेला’ या अर्थी इतका वापरला जातो की वाचणारा कुठला अर्थ घेईल सांगता येत नाही. मी तो टाळून ‘इम्पार्शल’ लिहीन. मोजता येणाऱ्या वस्तूंना फ्यूअर, न मोजता येणाऱ्यांना लेस, हा नियम परीक्षेत विचारला जातो, पण त्याचा उगम एका माणसाच्या आवडीत आहे. रॉबर्ट बेकर या इंग्रज लेखकाने 1770 मध्ये ‘नो लेस दॅन अ हंड्रेड’पेक्षा ‘नो फ्यूअर दॅन अ हंड्रेड’ आपल्याला जास्त डौलदार आणि काटेकोर वाटतं असं लिहिलं. त्याआधी शतकानुशतकं इंग्रज मोजता येणाऱ्या वस्तूंनाही लेस म्हणतच होते. आजही पैसे, अंतर आणि वेळ आकड्यांत सांगितले तरी लेसच लागतो, ‘लेस दॅन टेन माइल्स’, कारण तिथे आपण मैल सुटे मोजत नसतो, एकूण अंतर पाहत असतो. लिहिताना माणसं, पुस्तकं, चुका यांना फ्यूअर ठेवावं. बोलताना समोरच्याने लेस म्हटलं तर त्याला अडवू नये.